डावीकडून दुसरी जागा

आष्टी (ता. परतूर)
रविवार, ५ ऑक्टोबर

शीतल,

हे पत्र तुला बोलावण्यासाठी नाही. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं तुला शांतपणे वाचता येईल. एसटी आगाराच्या पत्त्यावर टाकतोय. पिनकोड तुझ्या आईनं सांगितला, तो मी पोस्टात जाऊन पुन्हा तपासला. तिनं दोन आकडे उलटे सांगितले होते.

तू माझा फोन उचलत नाहीस, ते मी मनावर घेतलेलं नाही. कंडक्टरच्या कामात दोन्ही हात गुंतलेले असतात, हे मला कळतं. तू आईशी रोज बोलतेस आणि ती स्पीकर लावून भाकरी थापते. मी तेव्हा ओसरीवर असतो. ऐकत नाही. आवाज मोठा असतो म्हणून येतो कानावर.

पथकाच्या ग्रुपवर 'शीतल लेफ्ट' अशी ओळ आली त्याला दीड वर्ष झालं. त्यानंतर इतके जण लेफ्ट झालेत, की ती ओळ बघायला बराच वेळ वर सरकवत जावं लागतं. मी सरकवतो असं नाही, सांगतोय फक्त.

आता कामाचं. तालुक्याहून निरोप आलाय की जानेवारीत तपासणी आहे. शाळेच्या मैदानावर होमगार्डच्या तीन रांगा, दहा-दहाच्या, भरलेल्या दिसल्या तर आपलं पथक आष्टीत राहील. नाही दिसल्या तर परतूरच्या पथकात मिसळतील. मिसळणं हा शब्द चांगला आहे. पण दर रविवारी कवायतीसाठी बस धरून परतूरला कोण जाणार, ते तूच सांग. पंचवीस वर्षं मी ह्या मैदानावर चुन्याच्या रेषा मारतोय. पावसानं पुसल्या की पुन्हा मारतो.

आज हजर अकरा.

राधेश्याम वाळूजला कंपनीत लागला. रविवारी पाळी असते आणि बंदोबस्ताला बोलावणं आलं की साहेब सुट्टी देत नाही. नागसेन पुण्यात एका सिक्युरिटी एजन्सीत गेला. जाताना मला भेटून गेला, बिचारा. म्हणाला, "काका, तिथंबी उभंच राहायचंय, पण रोज."  आपल्याकडे गणपती, निवडणूक, यात्रा आली की वर्दी, आणि बाकीचं वर्ष आपापला धंदा. आपापला धंदाच धड नसेल तर माणूस वर्दी कशावर घालेल?

बाकीच्यांची नावं मी कमी केली. सलग तीन रविवार गैरहजर, की नाव कमी. हा नियम मी केला आणि तुलाही लावला, हजेरीत, सगळ्यांसमोर. त्यावर गावात अजून बोलतात. चांगलंच बोलतात, असा माझा समज आहे.

अकरा म्हणजे तीन रांगा सारख्या होत नाहीत. आकडा तीननं भागला नाही की मधल्या रांगेत डावीकडून दुसरी जागा रिकामी सोडायची असते. ती सोडली. तू तिथंच उभी राहायचीस हा योगायोग आहे.

आबा


रविवार, २६ ऑक्टोबर

शीतल,

दिवाळीत तू आली नाहीस. जादा गाड्या असतात, ड्युटी सोडता येत नाही, हे मीच चार जणांना समजावून सांगितलं. तू पाठवलेली साडी आईला आवडली. माझ्यासाठी पाठवलेला पंचा कुणाकडून आला ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कापड चांगलं आहे, काठाची वीण एका ठिकाणी सुटलीय, ती मी शिवून घेतली.

भरती चालू आहे. घरोघर जातोय. धर्मराजला तू ओळखतेस, मोसंबीच्या बागेवर कलमं बांधतो तो. तासभर त्याच्या बागेत बसलो. बूट पॉलिश करताना आधी माती ब्रशनं झाडायची, मग ओलं फडकं, मग पॉलिश, मग वाळू द्यायचं, मग घासायचं, आणि हे टाचेपासून सुरू करायचं, कारण टाच लोक विसरतात, हे सगळं त्याला नीट समजावलं. त्यानं लक्ष देऊन ऐकलं. शेवटी म्हणाला, "काका, बूट कोण देणारय?" बूट मिळायला वेळ लागतो असं सांगितलं. तेव्हापासून तो दिसला नाही.

बेबीनंदाकडेही गेलो. तिला तू बेबीमावशी म्हणायचीस. कापूस वेचणाऱ्या बायांची टोळी आता तीच चालवते, सकाळी टेम्पो भरून बाया नेते. पथकात तिच्याइतका आवाज कुणाचा नाही, माझा सोडून. ऑगस्टमध्ये तिचं नाव मी कमी केलं होतं, तीन रविवार. म्हटलं, ताई, झालं गेलं, पुन्हा अर्ज करा, मी स्वतः भरून देतो.

ती कापसाच्या गंजीवर बसून चहा पीत होती. उठली नाही. म्हणाली, "कडूबाभाऊ, तुम्ही माणसं भरती करता का मोटार भरता? एक वेढा चुकला की सगळी तार उपसून बाहेर."

बाया हसल्या. मी तिला समजावून सांगितलं की मोटार वाइंडिंगमध्ये तसंच करावं लागतं. सातवीतून शाळा सुटल्यावर जळक्या मोटारी उघडून-उघडून मी हे काम शिकलो, मला कुणी शिकवलं नाही, आणि माझी भरलेली मोटार विहिरीवरून परत आलेली अख्ख्या परतूर तालुक्यात कुणी दाखवावी. ती म्हणाली, "मोटार परत येत न्हाई, बराबर हाय. माणूसबी परत येत न्हाई."

चहा चांगला होता. साखर जास्त.

आज हजर नऊ.

आबा


रविवार, १६ नोव्हेंबर

शीतल,

आज मी कापूस वेचला. हसू नकोस.

झालं असं. पहाटे टेम्पोच्या जागेवर जाऊन बेबीनंदाला पुन्हा सांगावं म्हटलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, टेम्पो सुटतो, बोलायचं असंल तर चढा. मी चढलो. बायांनी जागा केली. माझी इस्त्रीची पँट होती. शेत लोणी रस्त्याला होतं. शेतात गेल्यावर नुसतं बांधावर उभं राहून बोलणं बरं दिसेना, म्हणून तिनं दिलेला फडका कमरेला बांधला आणि पात धरली.

तू शाळेच्या सुट्ट्यांत गेलेली आहेस, तुला माहीत आहे, मलाही माहीत होतं, पण मी कधी नीट पाहिलं नव्हतं. प्रत्येक बाईला आपापली पात, झाडांची एकेक ओळ. सगळ्या बरोबर निघतात. माझ्या डाव्या हाताला संध्या होती, ती डी.एड. झालेली, नोकरी नाही म्हणून वेचायला येते. उजव्या हाताला एक म्हातारी, चतुराबाई. मी एकेक बोंड नीट बघून, पाचोळा काढून, स्वच्छ कापूस घेत होतो. मान वर केली तर सगळी टोळी पुढे आणि मी एकटा मागे.

मग मी पाहिलं, की माझ्या पुढच्या झाडांना कापूसच नाही. संध्या जाता-जाता उजव्या हातानं माझ्या पातीतली झाडं वेचत होती. पलीकडून चतुराबाई तेच करत होती.  थोड्या वेळानं मी आपोआप सगळ्यांच्या बरोबरीला आलो आणि टोळी सरळ रेषेत पुढे चालू लागली. शेताच्या टोकाला सगळ्या एकदमच पोचल्या. रेष इतकी सरळ होती, की मी चुन्यानं मारली असती तर तशीच मारली असती.

मी बेबीनंदाला विचारलं, एखादी बाई आलीच नाही तर तिची पात?

म्हणाली, "शेजारची धरती. दुसऱ्या दिवशी ती आली, की हिनं सांगायचं, काल कुठवर आलतो. त्यात इचारायसारखं काय हाय?"

संध्याकाळी काट्यावर माझा कापूस सगळ्यात कमी भरला, पण सगळ्यात स्वच्छ होता. हे तिनंही मान्य केलं.

सकाळची परेड पथकातल्या कल्याणनं घेतली. हजर सात. मीच गैरहजर होतो, त्यामुळे आकडा ऐकीव आहे.

आबा


रविवार, ३० नोव्हेंबर

शीतल,

दुकानात मी एक नवीन पद्धत काढली आहे. मोटारीची एकच कॉइल जळाली असेल तर सगळी तार उपसत नाही, तेवढीच कॉइल काढून तेवढीच भरतो. बाकीची शाबूत राहते. वेळ लागतो, हात सावध लागतो, पण मोटार बराबर चालते. हे मी स्वतः शोधून काढलं. कुणाच्या सांगण्यावरून नाही.

पथकातही थोडा बदल केला आहे, तोही मीच. परेड आता रविवारी संध्याकाळी, वेचणीचा टेम्पो परत येतो त्या माळावर. चुना मी तिथं नेतो. प्रत्येकाला एक जोडीदार ठरवून दिला. एक आला नाही तर दुसऱ्यानं त्याची जागा राखायची, आणि काय शिकवलं ते आठवड्यात त्याला जाऊन दाखवायचं. शेतात, दुकानात, कुठेही. तीन रविवारांचा नियम आहे तसाच आहे. फक्त आता जोडीदार आला की दोघंही हजर धरतो.

बेबीनंदा परत आली. तिच्या मागं टोळीतल्या पाच जणी आल्या. संध्या आली. धर्मराज आला, आणि काय सांगू, मोसंबीच्या बागेत एक बायांचा घोळका आणि हा गडी खुरपं खांद्याला लावून 'दाहिने मुड' करताना मी रस्त्यावरून पाहिला. सायकल तशीच पुढे काढली, त्याला लाज वाटू नये म्हणून.

वाळूजहून राधेश्यामचा फोन आला. त्याला पंधरा दिवसांतून एक रविवार मोकळा असतो. जोडीदार मिळत असेल तर नाव लावा, म्हणाला. लावलं.

अंधार पडायच्या आधी सगळे साखळीनं एकमेकांना शिकवत उभे असतात, कुणाच्या अंगाला कापूस चिकटलेला, कुणाच्या हाताला ग्रीस, आणि मी मध्ये. मला ओरडावं लागत नाही. तुझी आई म्हणते, तुमचा घसा बरा दिसतोय आजकाल. पहिल्यांदाच असं झालं, की परेड संपली तरी कुणी जाईना. चतुराबाई रांगेत नाही, वय झालं, पण ती बांधावर बसून शेंगा भाजते आणि जो पाय चुकवील त्याला शेंगा कमी देते. मला एकदा कमी दिल्या.

आज हजर अठरा. मधल्या रांगेतली डावीकडून दुसरी जागा नियमाप्रमाणे रिकामी सोडली. बेबीनंदाला मागे, रांगेबाहेर उभं केलंय, सहायक म्हणून.

जांब समर्थच्या यात्रेतल्या बंदोबस्ताचा विषय निघाला होता. गर्दी दोन्हीकडून आली तेव्हा तू पायरीवर चढून शिट्टी मारलीस आणि एका हातानं बाया, एका हातानं गडी असे वेगळे काढलेस, ते संध्याला सांगितलं. बायांनी दोनदा सांगायला लावलं. पोलीस इन्स्पेक्टरांनी तुझं नाव विचारलं होतं, हे तिसऱ्या वेळी मीच आठवणीनं सांगितलं.

आबा


रविवार, २१ डिसेंबर

शीतल,

तुझ्या आईनं निरोप दिला. म्हणजे तुम्ही दोघी बोलत होतात आणि तिनं हाक मारून मला सांगितलं, तूच सांगायला लावलंस म्हणून. शब्द तिनं जसेच्या तसे सांगितले आहेत असं धरतो: "आबांना विचार, अठराला तीननं भागलं तर किती उरतात. आणि बेबीमावशी मागे का उभी आहे? तिला त्या जागेत घ्या आणि तीन रांगा पूर्ण करा."

म्हणजे तू पत्रं वाचतेस.

तुझं गणित बरोबर आहे. मी तपासून पाहिलं. अठराला जागा रिकामी राहत नाही. एकवीसलाही नाही, आणि आम्ही गेल्या आठवड्यात एकवीस होतो, तेव्हाही राहिली. पाटी-पुस्तक न बघता तुझ्या हे लक्षात आलं, ते तू कुणाकडून शिकलीस हे मी लिहीत नाही.

आज रांगेत एकोणतीस आहेत. नागसेनसुद्धा. पुण्याची एजन्सी त्याला महिन्यातून दोन दिवस सोडते, त्यातला एक तो इथे येतो, दुसरा बायकोला देतो. बायको म्हणते उलटं करा. म्हणजे एक जागा सोडली तर तिन्ही रांगा भरल्या.

त्या एका जागेसाठी मी माणूस बघितला नाही असं नाही. कल्याणला उभं केलं, तर त्याची उंची बसेना. त्याला पुढे घेतला. भागवत सुताराचा विचार केला, तर तो डावखुरा आहे. बेबीनंदा माझ्याकडे बघत होती. परेड सुटल्यावर चुन्याची बादली उचलू लागली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, त्या जागेला उंची न्हाई लागत. नाव लागतंय." मी तिला सांगितलं की बादली दोन्ही हातांनी धरा, चुना सांडतो.

तपासणी १८ जानेवारीला आहे. जागा भरली नाही तर पथक जातं, हे मला कळतं. सगळ्यांना कळतं. तरी कुणी मला तोंडावर म्हणालं नाही, की भाऊ, तुमच्या पोरीच्या जागेपायी आमचं पथक घालवता का. म्हणायला पाहिजे होतं. त्याउलट संध्यानं विचारलं, शीतलताई कधी येणार आहे?

मी म्हणालो, तिला सुट्टी नसते.

आबा


सोमवार, १९ जानेवारी

शीतल,

आईनं तुला फोनवर सगळं सांगितलं असेल, पण ती बांधावरून बघत होती आणि चतुराबाईशी बोलत होती, त्यामुळे तिच्या सांगण्यात चुका असणार. मी रांगेतून पाहिलेलं लिहितो.

होय, रांगेतून.

काल सकाळी शाळेच्या मैदानावर सगळे वेळेआधी आले. वर्दी सगळ्यांची पुरी नव्हती. धर्मराजचे बूट मोठे होते, पुढे कापूस कोंबला होता. आष्टीत कापसाला तोटा नाही. टाचा सगळ्यांच्या चकचकीत होत्या, मी मागून फिरून पाहिल्या. साहेबांची गाडी फाटकात दिसली, आणि मी पुढे माझ्या जागेवर उभा राहिलो. समोर तीन रांगा. मधल्या रांगेत ते भोक. बेबीनंदा मागे, सहायकाच्या जागेवर.

तू म्हणालीस तसं करणं सोपं होतं. तिला म्हणायचं, ताई, तिथं जा. ती गेली असती. पण ती जागा मी तिला दिली असती तर ती तिची झाली असती. बेबीनंदा जागा धरते ती सोडत नाही, तुला माहीत आहे.

मी तिला पुढे बोलावलं. म्हटलं, ताई, ही पलटण तुम्ही चालवा.

"म्हंजे?" म्हणाली. "आन तुम्ही?"

मी म्हणालो, "मी शेजारची पात धरतो."

तिला समजलं. तोंडातल्या तोंडात हसली, पदर नव्हता म्हणून टोपी सारखी केली, आणि पुढे जाऊन उभी राहिली. मी माझी नायकाची काठी तिच्या हातात दिली आणि मधल्या रांगेत, डावीकडून दुसऱ्या जागेवर गेलो. सहायकाची मागची जागा रिकामी राहिली तर चालते, रांगेतली नाही, हे मी आदल्या दिवशीच तालुक्याला विचारून घेतलं होतं. म्हणजे हे ऐनवेळी सुचलं असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही.

तिचा आवाज तुला सांगतो. मी हुकूम देतो तेव्हा शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडतात. तिनं 'सावधान' म्हटलं तर कबुतरं उडाली नाहीत. पण तीस टाचा एकदम जुळल्या. त्यात माझीही होती.

'तेज चल'ला निघालो. बरं चाललं होतं. मग तिनं 'थम' दिलं. पंचवीस वर्षं हुकूम सोडून मग थांबायची माझी सवय. हुकूम मी तोंडातल्या तोंडात म्हटला, आणि म्हणेपर्यंत अर्धं पाऊल पुढे गेलो. सगळे थांबले आणि मी त्यांच्या पुढे, आणि साहेब समोरून येत होते. शीतल, चुकणाऱ्याला मी मैदानाला फेरी मारायला लावतो. मला मैदान दिसायला लागलं.

डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, तर संध्या अर्धं पाऊल पुढे सरकली. हळूच, बूट न वाजवता. तिच्या पलीकडे धर्मराज सरकला, मग नागसेन, मग पुढचे. या बाजूला राधेश्याम. साहेब पहिली रांग बघून मधल्या रांगेपाशी येईपर्यंत सगळी रांग माझ्या बरोबरीला आलेली. 

साहेब रांगेच्या टोकाला उभे राहून एका डोळ्यानं बघू लागले आणि म्हणाले, मधली रांग सर्वांत सरळ आहे. पहिल्या रांगेपासूनचं अंतर कमी पडलं होतं. ते मी पाहिलं, त्यांनी पाहिलं नाही.

माझ्यासमोर थांबले. वय बघितलं, खांद्यावरची पट्टी बघितली. विचारलं, नायक रांगेत कसा?

मी म्हणालो, "साहेब, जोडीदार गैरहजर आहे. तिची जागा राखून आहे."

त्यांनी मान हलवली आणि पुढे गेले. पथक आष्टीत राहिलं. तसं लेखी येईल तेव्हा येईल, पण त्यांनी बेबीनंदाशी हात मिळवून पुढच्या तपासणीलाही हाच आवाज ऐकू द्या म्हणून सांगितलं, म्हणजे पुढची तपासणी इथेच आहे. ते गेल्यावर सगळ्यांनी काय दंगा केला ते आईकडून ऐक, त्यात तिनं वाढवून सांगितलं तरी चालेल. मला शेंगा सगळ्यात कमी मिळाल्या. चतुराबाईची नजर अजून साफ आहे.

काठी बेबीनंदानं परत आणून दिली होती. मी घेतली नाही. तिच्याकडेच बरी आहे. मला रांगेत उभं राहून बऱ्याच गोष्टी दिसायला लागल्यात, ज्या समोरून दिसत नव्हत्या. उदाहरणार्थ, मी जरा जास्त वेळ सावधानमध्ये ठेवत होतो.

तर आता असं आहे. ती पात मी धरलेली आहे, पण ती माझी नाही. आई म्हणाली, तू काल फोनवर विचारलंस, परेड आता संध्याकाळी किती वाजता असते. साडेपाच. परतूरहून आष्टीला यायला शेवटच्या दोन गाड्या त्याआधी आहेत, हे तू माझ्यापेक्षा जास्त चांगलं जाणतेस. वर्दी नसली तरी सरावाला उभं राहता येतं, तेही मी विचारून घेतलंय. तू आलीस तर मी बांधावर जाऊन चतुराबाईजवळ बसेन. नाही आलीस तर उभाच आहे, घाई नाही.

बूट आणू नकोस. तू ओसरीच्या पायरीवर ठेवून गेलीस ते इथेच आहेत. दर रविवारी माझ्या बुटांबरोबर त्यांनाही पॉलिश होतं, चामडं तडकू नये म्हणून. टाचेपासून.

आबा